किरणोत्सर्गी अवपात, हवामान आणि मृदा : कम्ब्रिया, पोलेस्ये व बिकिनी यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा इतिहास लिहिताना अणुयुगाचा विचार बहुधा राजकीय अंगाने केला जातो. शस्त्रस्पर्धा, करार, परिषदा, महासत्तांची धोरणे हे त्यातील ठरलेले विषय होत. स्फोटानंतर किंवा अपघातानंतर जे आकाशातून खाली आले त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांचा किंवा मृदाशास्त्रज्ञांचा समजून इतिहासकारांनी बाजूला ठेवलेला दिसतो. वास्तविक आकाशातून पडलेले हे द्रव्य ज्या जमिनीवर पडले त्या जमिनीवर माणसे राहत होती, शेती करीत होती, गुरे-मेंढ्या पाळत होती. ते द्रव्य मातीच्या वरच्या थरात अडकून राहणार, मुळांवाटे पिकात चढणार की पावसाच्या पाण्याबरोबर खाली भूजलात उतरणार, यावर त्या माणसांना आपल्या गावी राहता येणार की नाही हे ठरत होते. म्हणून मातीचा प्रकार व हवामान हे या इतिहासातील केवळ नेपथ्य नव्हे. त्यांनी घटनांना प्रत्यक्ष वळण दिले आहे.

प्रस्तुत निबंधाचा रोख एका मर्यादित प्रश्नावर आहे. अवपाताच्या जमिनीतील हालचालीविषयीचे ज्ञान कोणत्या मातीत तयार झाले, ते कोणत्या मातीला लावले गेले, आणि या दोहोंतील अंतराची किंमत कोणी मोजली? हा प्रश्न तीन प्रदेशांच्या आधारे तपासला आहे : इंग्लंडमधील कम्ब्रियाचे डोंगरी प्रदेश, युक्रेन-बेलारूस सीमेवरील पोलेस्ये आणि प्रशांत महासागरातील बिकिनी हे कंकणद्वीप. ओघात नेवाडा व फुकुशिमा यांचाही उल्लेख येईल.

अवपाताचे स्वरूप आणि भारतीय प्रतिसाद

अणुस्फोटातून शेकडो प्रकारची किरणोत्सर्गी द्रव्ये निर्माण होतात. त्यांपैकी बहुतेक अल्पजीवी असतात. आयोडिन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे असल्याने पहिल्या काही आठवड्यांत, मुख्यतः दुधावाटे, ते घातक ठरते व नंतर नाहीसे होते. मातीच्या दृष्टीने महत्त्वाची द्रव्ये म्हणजे सुमारे ३० वर्षे अर्धायुष्य असलेले सिझियम-१३७ आणि सुमारे २९ वर्षे अर्धायुष्य असलेले स्ट्राँशियम-९०. सिझियम रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमचा भाऊबंद, तर स्ट्राँशियम कॅल्शियमचा. वनस्पती आणि प्राणी या नात्यामुळेच फसतात. पोटॅशियम समजून सिझियम स्नायूंत घेतले जाते, आणि कॅल्शियम समजून स्ट्राँशियम हाडांत साठवले जाते. प्लुटोनियमचा प्रकार वेगळा आहे. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षे असले तरी ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि म्हणून जिथे पडले तिथेच राहते, अशी दीर्घकाळ समजूत होती.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी येथे केलेल्या ‘कॅसल ब्राव्हो’ या १५ मेगाटन क्षमतेच्या स्फोटाने अवपात हा शब्द जगाच्या कानी पडला. भाजलेल्या प्रवाळाची पांढरी भुकटी रोंगेलाप बेटावरील रहिवाशांवर आणि ‘दायगो फुकुर्यु मारु’ या जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली. त्यानंतर महिनाभरातच, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या स्थगित ठेवण्याच्या कराराची सूचना मांडली. पुढे त्यांच्याच सूचनेवरून डॉ. दौलतसिंग कोठारी यांनी अणुस्फोट व त्यांचे परिणाम या विषयावरील ग्रंथ सिद्ध केला व तो १९५६ मध्ये भारत सरकारने प्रसिद्ध केला. या कामी डॉ. होमी भाभा यांच्याबरोबरच मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचेही साहाय्य झाले होते. किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९५५ मध्ये नेमलेल्या वैज्ञानिक समितीवर भारताचे प्रतिनिधित्व खानोलकरांनी केले. मराठी विज्ञानलेखनात कर्करोग-संशोधक म्हणून त्यांचा गौरवाने उल्लेख होतो, पण त्यांच्या कार्याची ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

या समितीच्या पाहणीतून जागतिक अवपाताचे चित्र स्पष्ट होत गेले. वरच्या वातावरणात गेलेली धूळ विषुववृत्ताजवळ कमी आणि समशीतोष्ण कटिबंधात, विशेषतः उत्तर गोलार्धात, अधिक उतरते. ती मुख्यतः पावसाबरोबर खाली येते. १९६३ मध्ये मॉस्को येथे अंशतः चाचणीबंदीचा करार झाला, त्या वर्षाच्या सुमारास हा अवपात शिगेला पोहोचला होता. म्हणजे हवामानाचा पहिला हस्तक्षेप जमिनीच्या वरच घडतो. पाऊस कुठे पडला यावरून कोणाच्या शेतात काय आले ते ठरते. मातीचा हस्तक्षेप त्यानंतर सुरू होतो.

ज्ञानाची जन्मभूमी : चिकणमाती

सिझियम मातीत घट्ट बांधले जाते, हे विधान १९६० च्या दशकापासून जवळजवळ नियम म्हणून उद्धृत होऊ लागले. हा नियम कोठून आला ते पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत १९५१ पासून किरणोत्सर्गी द्रव कचरा जमिनीत खोदलेल्या खड्ड्यांत सोडला जात असे. तेथील भूस्तर शेल खडकाचा असून त्यात इलाइट हे मृद्-खनिज विपुल आहे. खड्ड्यांतून रुथेनियमसारखी द्रव्ये पाण्याबरोबर बाहेर पाझरली, सिझियम मात्र खड्ड्यालगतच अडकून राहिले. याचे कारण शोधताना तामुरा व जेकब्ज या संशोधकांनी १९६० मध्ये असे दाखवून दिले की, सिझियम धरून ठेवण्याची ही क्षमता खनिजाच्या स्फटिकरचनेतच आहे. इलाइटचे कण पुस्तकाच्या पानांसारख्या थरांचे असतात. झीज होऊन या पानांच्या कडा किंचित उघडतात. सिझियमचा आयन त्या फटीत शिरतो, आपल्याभोवतीचे पाणी सहज टाकून देतो आणि पाने त्याच्यावर मिटतात. एकूण विनिमय-क्षमतेच्या मानाने अशा जागा अत्यल्प असतात. परंतु अवपातातील सिझियमचे वस्तुमानही इतके अल्प असते की तेवढ्या जागा पुरतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत आपण ‘चिकणमाती’ हा एकच शब्द वापरतो, परंतु त्याखाली वेगवेगळी खनिजे येतात. दख्खनच्या काळ्या मातीत प्रामुख्याने आढळणारे स्मेक्टाइट पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. त्याची एकूण विनिमय-क्षमता इलाइटपेक्षा पुष्कळ अधिक असते, तरीही सिझियम निवडून घट्ट धरण्यात ते इलाइटची बरोबरी करीत नाही. कोकणच्या जांभ्या मातीतील केओलिनाइट तर दोन्ही बाबतींत दुबळे. तेव्हा ‘चिकणमाती सिझियम धरते’ हे विधानसुद्धा कोणती चिकणमाती हे विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही.

स्ट्राँशियमला अशी कुलूपबंद जागा कोणत्याच मातीत सहसा मिळत नाही. मातीच्या कणांवर ते कॅल्शियमसारखे सैल बसते आणि दुसरा कॅल्शियम आयन आला की उठते. त्यामुळे पावसाचे पाणी खाली झिरपणाऱ्या, चुना कमी असलेल्या रेताड जमिनीत ते हळूहळू उतरत जाते. हे सूत्र ध्यानात ठेवल्यास पुढील तिन्ही प्रसंग समजण्यास मदत होईल.

कम्ब्रिया : तीन आठवडे आणि २६ वर्षे

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथील चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. तेथून निघालेला किरणोत्सर्गी ढग मे महिन्याच्या आरंभी ब्रिटनवर आला असता उत्तर वेल्स, कम्ब्रिया व स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत मुसळधार पाऊस झाला. सपाटीवरील इंग्लंड त्या मानाने कोरडे राहिले. हा पाऊस नसता तर पुढील सर्व इतिहास बहुधा घडलाच नसता.

मेमध्ये शासनाने जनतेस सांगितले की, परिणाम लवकरच ओसरतील. परंतु जूनमध्ये कोकरांच्या मांसातील सिझियम दर किलोग्रॅमला १,००० बेक्वेरेल या मर्यादेच्या वर गेल्याचे आढळले आणि २० जून १९८६ रोजी कम्ब्रिया व उत्तर वेल्समधील मेंढ्यांची वाहतूक व कत्तल यांवर बंदी घालण्यात आली. ही बंदी तीन आठवड्यांची होती. हा कालावधी मनास येईल तसा ठरविलेला नव्हता, त्यामागे एक वैज्ञानिक हिशेब होता. मेंढीच्या शरीरातून सिझियम काही आठवड्यांत बाहेर पडते. गवतावरील सिझियम पावसाने धुऊन मातीत जाईल, मातीतील चिकणखनिजे ते बांधून टाकतील, नव्या गवतात ते चढणार नाही आणि म्हणून मेंढी आपोआप शुद्ध होईल. हिशेबातील प्रत्येक पायरी कोठल्या ना कोठल्या प्रयोगाने सिद्ध झालेली होती. प्रश्न एवढाच होता की, ते प्रयोग ज्या जमिनीवर झाले ती जमीन कम्ब्रियाच्या डोंगरावर नव्हती.

कम्ब्रियाच्या उंच माळांवरील माती म्हणजे बऱ्याच ठिकाणी पीट, अर्थात थंड व सतत ओल्या हवेत अर्धवट कुजून साठलेला वनस्पतींचा थर. तेथे पाऊस अतिशय, उष्णता कमी, आम्लता अधिक, पोटॅशियम तुटपुंजे आणि चिकणखनिजे नाममात्र. सेंद्रिय द्रव्य सिझियम पकडते खरे, परंतु सैलपणे. पाणथळ मातीत अमोनियमचे आयन भरपूर असतात व ते सिझियमला मोजक्या बांधीव जागांवरूनही हुसकावून लावतात. त्यामुळे सिझियम खाली खोलवर उतरतही नाही आणि कुलूपबंदही होत नाही. मुळांच्या थरातच ते घोटाळत राहते. गवत व हीदरची झुडपे ते वर घेतात, मेंढी खाते, लेंडीवाटे परत देते, वनस्पती मरून पुन्हा त्याच थरात मिसळतात. सिझियम जमिनीत फार हलत नाही, हे तज्ज्ञांचे म्हणणे शब्दशः खोटे नव्हते. मुळांच्या थरातून खाली न गेल्यामुळेच ते दरवर्षी मेंढ्यांच्या पोटात गेले!

तीन आठवडे संपले. मेंढ्यांतील प्रमाण उतरले नाही आणि काही ठिकाणी वाढले. बंदी अनिश्चित काळासाठी लांबविली गेली. एका टप्प्यावर देशभरातील सुमारे ९,७०० शेतमळे व ४२ लाखांहून अधिक मेंढ्या निर्बंधाखाली होत्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. डोंगरी मेंढपाळाचे वर्षाचे उत्पन्न शरद ऋतूतील कोकरांच्या विक्रीवर अवलंबून असते. उन्हाळ्यानंतर डोंगरावरील चारा पुरत नाही, म्हणून कळप वेळेवर कमी करावाच लागतो. ‘थोडे थांबा, प्रमाण उतरेल’ या सल्ल्यात ही वेळ गृहीत धरलेली नव्हती. काही अधिकाऱ्यांनी मेंढ्यांना पेंढा खाऊ घालण्याचे सुचविले. डोंगरी मेंढी पेंढ्याला तोंड लावत नाही, हे सांगण्याची पाळी मेंढपाळांवर आली.

समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या शेतकऱ्यांच्या मुलाखतींच्या आधारे केलेला अभ्यास विज्ञान व समाज यांच्या संबंधावरील अभिजात अभ्यासांत गणला जातो. त्यांनी नोंदविलेला बेंटोनाइटचा प्रयोग विशेष बोलका आहे. सिझियम धरणारे हे खनिज जमिनीवर पसरून पाहण्यासाठी मेंढ्यांना कुंपण घातलेल्या तुकड्यांत ठेवण्यात आले. मोकळ्या डोंगरावर वाढलेली मेंढी कोंडली की खंगते, हे शेतकऱ्यांनी आधीच बजावले होते. तसेच झाले आणि प्रयोग गाजावाजा न करता सोडून द्यावा लागला.

विन यांचा निष्कर्ष असा की, तज्ज्ञांनी स्थानिक ज्ञानाची दखल घेतली नाही आणि आपल्या अंदाजातील अनिश्चितता लपविली. तो मान्य करूनही प्रस्तुत लेखकास येथे एक भर घालावीशी वाटते. पीटमधील सिझियम वनस्पतींना अधिक उपलब्ध होते, हे ज्ञान ब्रिटिश विज्ञानालाही नवे नव्हते. चाचण्यांच्या काळात, १९६० च्या दशकात, ब्रिटनमधील कृषी-संशोधकांनी सेंद्रिय मातीतून सिझियम अधिक शोषले जाते असे प्रयोगाने दाखवून प्रसिद्धही केले होते. चाचणीबंदीनंतर अवपात ओसरला, तशी त्या संशोधनाची निकडही ओसरली. २० वर्षांनी मंत्रालयाला गरज पडली तेव्हा सर्वसाधारण नियम तेवढा हाताशी होता, अपवाद फायलींत होते. तेव्हा हा प्रसंग तज्ज्ञ विरुद्ध सामान्यजन इतका सरळ नाही. संस्थांच्या विस्मरणाचा भाग त्यात मोठा आहे, आणि विस्मरण हा तर इतिहासकाराचाच विषय.

आणखी एक गुंता होता. याच परिसरात विंडस्केल, म्हणजे नंतरचे सेलाफील्ड, हे अणुकेंद्र आहे. १० ऑक्टोबर १९५७ रोजी तेथील अणुभट्टीस आग लागली होती आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटर क्षेत्रातील दूध काही काळ फेकून द्यावे लागले होते. १९८६ मध्ये शेतकरी विचारू लागले की, हे सिझियम खरोखर चेर्नोबिलचेच कशावरून? उत्तर समस्थानिकांच्या प्रमाणात होते. चेर्नोबिलच्या अवपातात सिझियम-१३४ आणि सिझियम-१३७ यांचे प्रमाण साधारण एकास दोन होते. सिझियम-१३४ चे अर्धायुष्य अवघे दोन वर्षांचे असल्याने जुन्या सिझियममध्ये ते उरत नाही. मोजमापांतून असे दिसले की चेर्नोबिलच्या सिझियमबरोबर जुने सिझियमही तेथे होते. त्यात शस्त्रचाचण्यांचा वाटा होता आणि विंडस्केलचाही. शेतकऱ्यांचा संशय सर्वांशाने खरा नव्हता, पण निराधारही नव्हता. १९५७ चे सिझियम १९८६ मध्ये वरच्या थरात सापडावे, यातच तीन आठवड्यांच्या अंदाजाचे उत्तर होते.

पुढे रंगाची खूण करून मेंढ्या विकण्याची, आणि जिवंत मेंढीवर यंत्र धरून मोजणी करण्याची पद्धत आली. निर्बंधित क्षेत्र वर्षागणिक आकसत गेले. शेवटचे निर्बंध १ जून २०१२ रोजी उठले. तीन आठवड्यांचा अंदाज २६ वर्षांवर गेला.

पोलेस्ये : जवळचे आणि दूरचे

प्रिप्यात नदीच्या खोऱ्यात पसरलेला पोलेस्येचा प्रदेश हा रेताड आणि दलदलीच्या जमिनींचा आहे. चेर्नोबिलचे अणुकेंद्र त्याच्याच पूर्व भागात उभारलेले होते. युक्रेनची कीर्ती ज्या काळ्या, सुपीक चेर्नोझेम मातीमुळे आहे, ती माती मुख्यतः याच्या दक्षिणेस लागते. दोन्ही प्रकारच्या जमिनींवर अवपात झाला, पण परिणाम अगदी भिन्न झाले. चेर्नोझेममधील चिकणखनिजांनी सिझियम बऱ्याच अंशी बांधून टाकले. याउलट भट्टीपासून २०० किलोमीटरहून अधिक पश्चिमेस असलेल्या रिव्हने प्रांतात, जेथे अवपात तुलनेने बेताचा होता, तेथील पीटच्या कुरणांवर चरणाऱ्या गाईंच्या दुधात अपघातानंतर तीन दशकांनीही लिटरला १०० बेक्वेरेल या युक्रेनच्या मर्यादेपेक्षा अधिक सिझियम आढळत राहिले. अंतर व अवपाताची घनता यांवर आखलेल्या नकाशांत ही गावे फिकट रंगात दिसतात. दुधाचा नकाशा काढला असता तर तीच गडद दिसली असती. प्रशियन ब्लू हे रंगद्रव्य गाईंना दिल्यास सिझियम आतड्यातच अडकते व दूध बरेच शुद्ध होते, हा स्वस्त उपाय ठाऊक आहे. तो सातत्याने राबविणे हा मात्र रसायनशास्त्राचा प्रश्न राहत नाही. एका-दोन गाईंवर चालणाऱ्या घरापर्यंत शासन दरवर्षी पोहोचते की नाही, असा तो प्रश्न होतो.

भट्टीच्या निकट वेगळेच घडले. तेथे इंधनाचेच सूक्ष्म कण पडले आणि स्ट्राँशियम त्या कणांच्या आत बंदिस्त होते. आरंभी ते मातीत जवळजवळ हललेच नाही. पण पोलेस्येच्या आम्ल जमिनीत हे कण वर्षानुवर्षे विरघळत गेले आणि स्ट्राँशियम मोकळे होत गेले. म्हणजे काळाबरोबर धोका एका दिशेनेच घटतो ही अपेक्षा येथे लागू पडली नाही. सिझियम काळाबरोबर अधिक घट्ट झाले, स्ट्राँशियम अधिक सैल. ‘लाल अरण्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मृत पाइनवृक्षांना १९८७ मध्ये रेतीत चर खणून पुरण्यात आले. चरांच्या तळाशी कोणतेही अस्तर नव्हते. पावसाचे पाणी त्यांतून झिरपले आणि स्ट्राँशियम खालच्या भूजलात उतरून चरांच्या बाहेर काही मीटर सरकलेले संशोधकांना आढळले. घाईच्या त्या दिवसांत दुसरे काय करता आले असते, हा प्रश्न अप्रामाणिक ठरणार नाही. तथापि ज्या रेतीतून पाणी सहज जाते तिच्यातच पुरण्याचा निर्णय मृदाशास्त्राला विचारून घेतलेला दिसत नाही.

नेवाडा : कोरडेपणावरील विश्वास

नेवाडातील प्रसंग अवपाताचा नसून भूगर्भीय चाचण्यांच्या अवशेषांचा आहे. परंतु हवामानाविषयीच्या एका समजुतीसाठी त्याचा उल्लेख करावा लागतो. वाळवंटी हवा, अत्यल्प पाऊस आणि शेकडो मीटर खोल भूजल, म्हणून जे पुरले ते तेथेच राहील असा भरवसा होता. १९ डिसेंबर १९६८ रोजी झालेल्या ‘बेनहॅम’ चाचणीतील प्लुटोनियम १.३ किलोमीटर दूरच्या विहिरीतील पाण्यात सापडल्याचे ॲनी कर्स्टिंग व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जाहीर केले. समस्थानिकांच्या प्रमाणावरून ते बेनहॅमचेच असल्याचे सिद्ध झाले. प्लुटोनियम विरघळलेले नव्हते. मृद्-खनिजांच्या आणि झिओलाइटच्या सूक्ष्म कलिल कणांवर बसून ते पाण्याबरोबर वाहत आले होते. प्रमाण अत्यल्प होते, म्हणून भयगंडाचे कारण नव्हते. परंतु जी माती द्रव्य धरून ठेवते म्हणून आपण निश्चिंत असतो, तिचाच कण वाहन होऊ शकतो, ही गोष्ट त्या शोधाने मांडली.

बिकिनी : चिकणमातीविना भूमी

आता ज्या कंकणद्वीपापासून अवपाताची सार्वजनिक चर्चा सुरू झाली तेथे परत यावयाचे. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्याने बिकिनीच्या रहिवाशांना रविवारच्या प्रार्थनेनंतर एकत्र करून बेट तात्पुरते सोडण्याची विनंती केली. मार्चमध्ये १६७ जण रोंगेरिक बेटावर हलविले गेले. तेथे अन्न पुरेना, म्हणून १९४८ मध्ये क्वाजालिनमार्गे त्यांना किली या एकाकी बेटावर नेण्यात आले. १९४६ ते १९५८ या काळात बिकिनीत २३ अणुस्फोट झाले.

ऑगस्ट १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बिकिनी पुन्हा राहण्यायोग्य झाल्याचे घोषित केले. मोडतोड हलविली गेली, हजारो नारळाची रोपे लावली गेली, घरे बांधली गेली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी काही कुटुंबे परतली. बाहेरून पोहोचणारा किरणोत्सर्ग मोजून पाहिलेला होता. परंतु नारळ फळांवर आले, तशी रहिवाशांच्या शरीरांतील सिझियमची मोजणी चढत गेली. आहारात नारळाचा वाटा किती असतो याचा नियोजनकर्त्यांनी धरलेला अंदाज फारच कमी होता. सप्टेंबर १९७८ मध्ये शंभराहून अधिक लोकांना दुसऱ्यांदा बेट सोडावे लागले.

कारण मातीत होते. प्रवाळबेटाची माती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची वाळू आणि वर सेंद्रिय द्रव्याचा पातळ थर. तेथे ज्वालामुखीचा खडक उघडा नाही, त्यामुळे चिकणखनिजे जवळजवळ नाहीतच आणि पोटॅशियमही अतिशय कमी. पोटॅशियमच्या उपाशी माडाने सिझियम अधाशासारखे घेतले. स्ट्राँशियमची गोष्ट नेमकी उलट होती. सारी जमीनच कॅल्शियमची असल्याने त्या गर्दीत स्ट्राँशियम हरवून गेले व नारळात फारसे चढले नाही. पोलेस्येच्या चुनाविहीन रेतीत जे द्रव्य सैल सुटले तेच येथे नगण्य ठरले. म्हणूनच जगभराच्या जमिनींसाठी द्रव्यांची एकच धोक्याची क्रमवारी लावता येत नाही.

लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या विल्यम रॉबिसन व सहकाऱ्यांनी या मातीवर दीर्घकाळ प्रयोग केले. पोटॅशियमयुक्त खत घातल्यास नारळातील सिझियम मूळच्या सुमारे दहाव्या हिश्शापर्यंत उतरते असे त्यांना आढळले. तसेच, पावसाचे पाणी विरघळते सिझियम मुळांच्या थराखाली भूजलात नेते व तेथून ते समुद्रात जाते. त्यामुळे वनस्पतींतील सिझियम ३० वर्षांऐवजी सुमारे साडेआठ वर्षांतच निम्मे होते, असा निष्कर्ष त्यांनी २००३ मध्ये मांडला. ज्या सैलपणामुळे सिझियम माडात चढले त्याच सैलपणामुळे ते बेटावरून धुपूनही जात आहे. फुकुशिमात २०११ नंतर याच्या उलट चित्र दिसले. तेथील शेतजमिनीत सिझियम वरच्या सुमारे पाच सेंटिमीटरमध्ये घट्ट अडकले, म्हणून माती खरवडून काढता आली. ती सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती साठवणुकीत पडून आहे आणि २०४५ पर्यंत तिची प्रांताबाहेर विल्हेवाट लावण्याचे कायद्याने बंधन आहे.

बिकिनीतही खरवडावे की खत घालावे, हा वाद झाला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अहवालाने पोटॅशियमच्या उपायास पसंती दिली, कारण वरचा थर काढला तर बेटावरील तुटपुंजे सेंद्रिय द्रव्यही जाईल आणि काहीच उगवणार नाही. बिकिनीच्या नेत्यांचा कल माती काढून टाकण्याकडे होता. एकदा ‘सुरक्षित’ म्हणून परत नेले गेल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी असल्याने विष तेथेच ठेवून वर खत घालण्याच्या सल्ल्यावर त्यांचा विश्वास बसेना. प्रस्तुत लेखकाच्या मते मृदाशास्त्राच्या दृष्टीने अहवाल बरोबर होता आणि इतिहासाच्या दृष्टीने बिकिनीचे लोक. मार्च २००१ मध्ये अणु-दावा न्यायाधिकरणाने त्यांना ५६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. परंतु निधीत तेवढे पैसे नव्हते आणि एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील सुनावणीस घेण्याचे नाकारले.

बिकिनीचा समुदाय मायदेशी परतला नाही. किली बेटावर २०११ पासून मोठ्या भरतीचे पाणी वारंवार आत शिरू लागले व विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. १९८० च्या दशकात अमेरिकेने या लोकांच्या पुनर्वसनासाठी स्थापन केलेला न्यासनिधी मार्शल बेटांबाहेर स्थायिक होण्यासाठी वापरता यावा, अशी विनंती २०१५ मध्ये त्यांच्या परिषदेने अमेरिकी शासनाकडे केली.